झुरका घटकेचा, भार काळजावर



गाळप हंगाम तोंडावर आला की या अंकातून ऊस नोंदीची मुदत, तोडणीचा प्रोग्राम, खोडव्याची निगा, पाचट न जाळण्याची विनंती असे विषय आपल्यापुढे येत असतात. ते यायलाच पाहिजेत. या खेपेला मात्र आम्ही एक वेगळा विषय घेत आहोत. तो अडचणीचा आहे. पारावर बसल्यावर सगळे त्यावर हसतात, पण गंभीरपणे कुणी बोलत नाही. हा विषय म्हणजे गांजा. आम्ही तो पोलिसांच्या बाजूने मांडत नाही की कीर्तनकाराच्या बाजूनेही मांडत नाही. कष्ट करणाऱ्या माणसाच्या काळजाच्या, म्हणजे हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या बाजूने मांडत आहोत.

गांजाने डोके फिरते हे गावात पोरासोरांनाही ठाऊक असते. गांजाने छातीवर काय बेतते हे मात्र जाणत्यांनाही सहसा ठाऊक नसते. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे, की अंगमेहनतीचा शीण जावा म्हणून ओढलेला गांजा शीण घालवत नाही. तो फक्त शिणाची जाणीव घालवतो, आणि आधीच थकलेल्या हृदयावर वरून आणखी भार टाकतो. हा भार हलका करण्याचे काही उपाय सभासदांच्या आणि कारखान्याच्या हातात आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी एक गोष्ट साफ सांगतो. गांजा म्हटले की बोट लगेच तोडणीवाल्याकडे जाते. ते बरोबर नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याने दिल्लीच्या ‘एम्स’मधील व्यसनोपचार केंद्राकडून देशभर पाहणी करून घेतली होती. तिचा अहवाल २०१९ साली आला. त्यात १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतल्याचे आढळले. त्यातले सुमारे १ कोटी ३० लाख गांजा-चरस ओढणारे होते. एवढे लोक काही एकट्या ऊसतोडीच्या अड्ड्यावर राहत नाहीत. त्यात बागायतदाराचा कॉलेजात शिकणारा मुलगाही आला, ट्रॅक्टरचा ड्रायव्हरही आला आणि एकादशी न चुकवणारे आजोबाही आले. तेव्हा ‘त्यांचे’ आणि ‘आपले’ असा भेद करून हा विषय सुटणार नाही.

काळजाची मोटार

आता शरीरात काय घडते ते पाहू. शेतकऱ्याला हे समजायला डॉक्टर व्हावे लागत नाही. विहिरीवरची मोटार ज्याने एकदा तरी जळालेली पाहिली आहे त्याला हे चटकन उमगेल. व्होल्टेज कमी असताना मोटारीवर लोड जास्त पडला की ती हूं हूं करते, तापते आणि वाइंडिंग जळते. नुसते व्होल्टेज कमी असते तर एखादे वेळी निभावते. नुसता लोड जास्त असला तरी चांगली मोटार काही वेळ तो ओढते. पण दोन्ही एकदम आले, की संपले.

गांजाच्या धुराने हृदयाच्या बाबतीत नेमकी हीच दोन कामे एकदम होतात. गांजात टी.एच.सी. नावाचे मादक द्रव्य असते. झुरका मारल्यावर काही मिनिटांतच ते रक्तातून सगळीकडे पोचते. नाडी भराभर चालू लागते. मिनिटाला सत्तर ठोके असतील तर शंभरावर जातात, कुणाचे त्याहूनही वर. हा वेग लगेच उतरत नाही. दोन-तीन तास राहू शकतो. बरोबर रक्तदाबही वर-खाली होतो. हा झाला वाढलेला लोड. हृदय जेवढे जोरात चालेल तेवढा त्याला प्राणवायू जास्त लागणार, हे उघड आहे.

आणि नेमक्या त्याच वेळी प्राणवायूचा पुरवठा कमी होतो. कोणताही पाला जाळून त्याचा धूर छातीत घेतला की त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू येतो. तो रक्तातल्या लाल पेशींना चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. विडी-सिगारेटमध्येही हेच होते. पण गांजा ओढणारा धूर खोल ओढतो आणि छातीत दाबून धरतो. अमेरिकेत १९८८ साली संशोधकांनी मोजून पाहिले तेव्हा गांजाच्या एका सिगारेटने रक्तात या वायूचे प्रमाण तंबाखूच्या सिगारेटच्या जवळजवळ पाचपट वाढल्याचे दिसले. छातीत जाणारे डांबरही सुमारे तिप्पट होते. आपल्याकडच्या चिलमीत तर बहुधा गांजाबरोबर तंबाखूही चुरलेला असतो. म्हणजे दुखण्यावर आणखी दुखणे.

लोड वाढला, व्होल्टेज घटले. धडधाकट विशीतला गडी हे सहन करून जातो आणि म्हणतो, “मला तर काहीच होत नाही.” पण ज्याच्या हृदयाच्या नळ्या आतून अरुंद झालेल्या आहेत त्याची मोटार तिथेच तापते. आणि आपल्या नळ्या अरुंद झाल्या आहेत की नाहीत हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असते? पाइपलाइनीत गाळ साचला तर टोकाच्या सरीला पाणी कमी पडून कळते तरी. छातीतला गाळ बहुतेक वेळा ॲटॅक आल्यावरच कळतो.

मोजमाप काय सांगते

हे सगळे ऐकीव नाही. अमेरिकेतच १९७४ साली, चालताना छाती दुखणाऱ्या दहा रुग्णांची परीक्षा घेण्यात आली. गांजाची एक सिगारेट ओढल्यावर, छाती दुखेपर्यंत त्यांना जेवढा वेळ व्यायाम करता येत होता तो वेळ ४८ टक्क्यांनी घटला. मादक अंश काढून टाकलेली तशीच सिगारेट दिली तेव्हा तो सुमारे ९ टक्क्यांनीच घटला. म्हणजे धुराचा दोष आहेच, पण नशेच्या द्रव्याचा त्याहून मोठा आहे.

पुढे २००१ साली बोस्टनच्या डॉ. मरे मिटलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका येऊन वाचलेल्या ३,८८२ रुग्णांच्या मुलाखतींवरून हिशेब मांडला. गांजा ओढल्यानंतरच्या पहिल्या एका तासात झटका येण्याची शक्यता इतर वेळेच्या ४.८ पट असल्याचे त्यांना दिसले. तास उलटल्यावर ती झपाट्याने कमी होत होती. हा आकडा ऐकून कुणी घाबरून जाऊ नये. निरोगी तरुणाची मूळ शक्यता फार थोडी असते, तिची पाचपटही थोडीच. पण ज्याला रक्तदाब आहे, साखर आहे, जो रोज विडीचा कट्टा संपवतो आणि ज्याने पन्नाशी गाठली आहे, त्याच्या बाबतीत मूळ रक्कमच मोठी असते. मोठ्या कर्जावरच्या व्याजाचे काय होते ते सोसायटीच्या सभासदाला आम्ही सांगायला नको.

अलीकडे मोठ्या पाहण्या झाल्या आहेत. २०२४ साली अमेरिकेतल्या ४ लाख ३४ हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून असे दिसले, की रोज गांजा घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता न घेणाऱ्यांपेक्षा २५ टक्क्यांनी आणि पक्षाघाताची ४२ टक्क्यांनी जास्त होती. ज्यांनी जन्मात कधी तंबाखू ओढला नाही त्यांच्यातही हा संबंध दिसला. २०२५ साली चोवीस अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात हृदयविकारामुळे किंवा पक्षाघातामुळे येणाऱ्या मृत्यूची शक्यता सुमारे दुप्पट निघाली.

खरे बोलायचे तर या मोठ्या पाहण्या निरीक्षणाच्या आहेत. गांजा घेणारा माणूस जागरण करतो, दारू पितो, हाल काढतो, त्याचाही वाटा त्यात असणार. पाहण्याही बहुतेक परदेशातल्या आहेत. म्हणून प्रत्येक टक्का जसाच्या तसा आपल्या शिवाराला लावू नये. पण निरनिराळ्या देशांतले, निरनिराळ्या पद्धतींचे हिशेब एकाच दिशेला बोट दाखवू लागले, आणि शरीरात ते कसे घडते हेही समजले, तर शहाण्या माणसाने पुराव्याची आणखी किती वाट पाहायची?

रक्तवाहिन्यांची गोष्टही सांगितली पाहिजे. १९६० साली मोरोक्कोतल्या फ्रेंच डॉक्टरांनी गांजा-चरस ओढणाऱ्या तरुणांच्या पायांच्या रक्तवाहिन्या बंद होऊन बोटे काळी पडल्याची नोंद केली. तसे रुग्ण पुढे इतरत्रही आढळले. हा रोग क्वचितच होतो आणि त्यात तंबाखूचा हात किती हा वाद डॉक्टरांत आहे. पण शेतात राबणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की धूम्रपान करणाऱ्याच्या पायाचे बोट गार पडू लागले, निळे-काळे दिसू लागले, चालताना पोटरी भरून येऊन थांबावे लागू लागले, तर ते ‘थंडीचे’ म्हणून सोडू नये. पाय ही कष्टकऱ्याची इस्टेट आहे.

“आमचा आजा ओढत होता”

या विषयावर बोलायला गेले की तीन उत्तरे ठरलेली असतात. पहिले म्हणजे, “आमचा आजा जन्मभर ओढत होता, नव्वद वर्षे जगला.” असतीलही असे आजोबा. पण जे चाळिशीतच गेले त्यांचे नातू हे वाक्य बोलायला पारावर नसतात. शिवाय पूर्वी कुणी झोपेत गेला तर ‘देवाज्ञा झाली’ म्हणत. कशाने गेला हे पाहायला गावात साधन कुठे होते? इंग्रज सरकारने १८९३-९४ साली गांजा-भांगेची चौकशी करायला कमिशन नेमले होते आणि बेताने घेतल्यास फारसे अपाय नाहीत असा त्याचा अभिप्राय पडला. गांजाचे वकील तो आजही पुढे करतात. पण ई.सी.जी.चे यंत्र आले विसाव्या शतकात. ज्या काळात हृदयाची पट्टीच काढता येत नव्हती, त्या काळचा दाखला हृदयापुरता तरी पुरेसा धरता येत नाही.

दुसरे उत्तर, “झाडपाला आहे, देवाला चालतो, मग माणसाला का नाही?” कण्हेरही झाडपालाच आहे आणि देवाला चालते. तिचे मूळ उगाळून कुणी पीत नाही. श्रद्धेचा मान आम्ही राखतो. पण प्रसादाचा कण आणि रोजची चिलीम यांत फरक आहे. भांगेत धूर नाही म्हणून ती निर्धोक, असेही कुणी समजू नये. पोटातून घेतलेल्या नशेचा अंमल उशिरा चढतो आणि जास्त वेळ टिकतो. ‘अजून चढली नाही’ म्हणून माणूस वर आणखी घेतो. गांजा खाणाऱ्यांच्याही रक्तवाहिन्यांची लवचीकता कमी झाल्याचे २०२५ साली अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात दिसले आहे.

तिसरे उत्तर मात्र आम्हाला खोडता येत नाही. ते असे, “साहेब, पहाटे चारला फडात उतरतो, दिवसभर कोयता चालतो, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रक भरतो, रात्री कोपीत थंडीने झोप येत नाही. एक झुरका मारला की अंग दुखायचं थांबतं.” या माणसाला उपदेश करण्याचा हक्क आम्हाला नाही. पण त्याला धोका सांगण्याचे कर्तव्य आहे. कष्टाने हृदय आधीच जोरात चाललेले, अंगातले पाणी घामाने गेलेले, त्यात झुरका. बसल्या जागेवरून उठताना रक्तदाब एकदम उतरतो आणि चक्कर येते. ती फळीवर आली, विहिरीच्या काठावर आली, किंवा ट्रॅक्टरच्या सीटवर आली, तर हृदयाची वाट बघायचीही गरज उरत नाही.

आपल्या हातात काय आहे

म्हणून आमचे मत असे आहे, की नुसत्या ‘नशाबंदी’च्या पाट्या लावून हा प्रश्न सुटणार नाही. जिथे शीण तयार होतो तिथे हात घातला पाहिजे.

कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्या नंबर लागेपर्यंत रात्र रात्र उभ्या राहतात. गाडीवान आणि ड्रायव्हर थंडीत कुडकुडत बसतात. चिलीम पेटते ती तिथे. तिथे आडोशाची शेड, दिवा, प्यायचे पाणी, गरम चहा आणि दोन तास पाठ टेकायला जागा मिळाली, तर निम्मे काम तिथेच होईल. हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक अड्ड्यावर डॉक्टर जाऊन चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईमाणसाचा आणि गड्याचा रक्तदाब व साखर तपासतील, हे व्यवस्थापनाने पाहावे. खर्च फार नाही. त्या वेळी गांजा, दारू, तंबाखू याबद्दलही विचारावे. मात्र ती माहिती डॉक्टरपाशीच राहिली पाहिजे. ती मुकादमाच्या वहीत किंवा पोलीस पाटलाच्या कानी गेली, तर पुढच्या वर्षी कुणी खरे सांगणार नाही.

सभासदांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. टोळी आपल्या फडात लवकर यावी, ऊस बुडख्यापासून नीट तुटावा म्हणून काही सभासद खुशाली देतात. तिच्या बऱ्या-वाइटाचा वाद आज काढत नाही. पण त्या खुशालीत बाटली किंवा पुडी जात असेल तर ती देणाऱ्याने विचार करावा. आपला ऊस चार दिवस आधी काट्यावर जावा म्हणून दुसऱ्याच्या काळजावर भार टाकायचा, हा सहकार नव्हे. द्यायचेच तर फडावर सावली द्या, मडके भरून ठेवा, गूळ-शेंगदाणे द्या.

आणि आपला बांधही तपासा. उसाच्या दाट पिकात गांजाची झाडे लपवल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाची लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या जमिनीत बेकायदा झाड आहे हे माहीत असून न कळवणे हाही त्याच कायद्याने गुन्हा आहे. गड्याने लावले, वाटेकऱ्याने लावले, असे म्हणून अंग झटकता येईल या भरवशावर राहू नका. वेळेवर कळवा.

घरात कुणी ओढत असेल तर आरडाओरडा करून ते सुटणार नाही. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही, जेवण जात नाही. बहुतेकांचे हे दोनेक आठवड्यांत कमी होते. तेवढे दिवस घरच्यांनी सांभाळून घ्यावे. धूर बंद झाला की रक्तातला तो विषारी वायू एक-दोन दिवसांत निघून जातो, म्हणजे सोडल्याचा फायदा लगेच सुरू होतो. सरकारची व्यसनमुक्तीची फुकट फोनसेवा १४४४६ या नंबरवर आहे. आपणहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट मिळण्याची तरतूदही कायद्यात आहे. ज्याला हृदयाच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत त्याने तर डॉक्टरांपासून ही गोष्ट मुळीच लपवू नये, कारण काही गोळ्यांचा अंमल गांजाने बदलतो.

शेवटी सगळ्यात महत्त्वाचे. छातीत दाबल्यासारखे होणे, ते दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम, धाप, ही लक्षणे दिसली तर “गॅस झाला असेल, सोडा प्या” म्हणू नका. गडी तीस-बत्तीस वर्षांचा आहे म्हणूनही थांबू नका. फ्रान्समध्ये २००६ ते २०१० या काळात गांजाशी संबंधित हृदय-रक्तवाहिन्यांच्या दुखण्याचे जे ३५ रुग्ण नोंदले गेले, त्यांचे सरासरी वय ३४ होते आणि त्यातले ९ दगावले. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची खूण. त्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. लगेच १०८ ला फोन लावा आणि ते सांगतील तसे करा. दवाखान्यात पोचल्यावर पहिल्या वाक्यात सांगा, “गांजा ओढला होता.” लाजू नका. डॉक्टर म्हणजे पोलीस नव्हे. त्या एका वाक्याने उपचाराची दिशा ठरू शकते.

ऊस काट्यावर चार किलो कमी भरला तर आपण चिटबॉयपासून शेतकी अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना जाब विचारतो. विचारलाच पाहिजे. तो ऊस तोडणारा, वाहणारा आणि पिकवणारा माणूस हंगामाच्या शेवटी आपल्या पायांनी घरी गेला की नाही, याचाही हिशेब वार्षिक सभेत विचारला जावा, एवढीच आमची मागणी आहे. येत्या सभेत शेडचा आणि आरोग्य तपासणीचा विषय सभासदांनीच उपस्थित करावा, ही नम्र विनंती.